शिवणीतली माया

गेल्या वर्षीच्या जूनमधली शुक्रवारची संध्याकाळ. बाहेर धो धो पाऊस. मी आणि माझी रूममेट गोरेगावच्या आमच्या टीचभर फ्लॅटमध्ये चहा घेत बसलो होतो. तेवढ्यात बेडरूममधून धाडकन आवाज आला. धावत जाऊन पाहतो तर काय, माझ्या कपाटातला हँगरचा रॉड एका बाजूने निखळला होता आणि सगळे कपडे एकमेकांच्या अंगावर कोसळून जमिनीवर लोळत होते. रूममेटने शांतपणे चहाचा घोट घेतला आणि म्हणाली, ‘‘रॉडने राजीनामा दिला गं बिचाऱ्याने!’’

राजीनामा हा शब्द आमच्या घरात जरा जपून वापरला जातो. कारण त्याआधी दीड वर्षं मीही तो दिला होता. पक्की नोकरी सोडून फ्रीलान्स पत्रकार झाले होते. फ्रीलान्स म्हणजे काय, तर ज्या दिवशी पेमेंट येईल ती आपली एक तारीख. काही महिन्यांत एक तारीख दोनदा उगवते, काही महिन्यांत उगवतच नाही.

कपडे उचलता उचलता मी सहज मोजले. ७१. एकटीचे! मग सुचलं, आता बाहेर आलेच आहेत तर एकेक घालूनही बघू. रात्री साडेअकरापर्यंत हा फॅशन शो चालला. निकाल असा : ७१ पैकी अंगाला नीट बसणारे कपडे १४. त्यातले पाच नाइट ड्रेस.

कारण साधं होतं. मधल्या वर्षभरात मला थायरॉइड निघाला होता आणि माझं वजन आठ किलोंनी वाढलं होतं. डॉक्टरांच्या मते त्यातले काही किलो थायरॉइडचे, बाकीचे माझे स्वतःचे. डेडलाइन आणि वडापाव यांचं सख्य जुनं आहे, त्यामुळे मी वाद घातला नाही. पण कपाटातल्या त्या ५७ कपड्यांना माझ्या रिपोर्टची काही खबरच नव्हती. ते आपले जुन्या मुलीची वाट बघत लटकत होते.

एरवी मी हे सगळं हसण्यावारी नेलं असतं. पण बुधवारी एका संपादकांबरोबर मीटिंग होती. सहा महिन्यांच्या सलग कामाची. सहा महिने दर महिन्याला ठरलेले पैसे! नोकरदार मंडळींना यात काय एवढं, असं वाटेल. पण त्या आठवड्यात माझ्या खात्यात पुढच्या भाड्यापुरतेही पैसे नव्हते. आणि त्या मीटिंगला मी काय घालून जाणार होते? कंबरेला सेफ्टीपिन लावलेली ट्राउझर.

मग रात्री फोन हातात घेऊन मी ‘टाइमलेस वॉर्डरोब’चा अभ्यास केला. तुम्हीही कधी ना कधी या याद्या वाचल्या असतील. एक पांढरा शर्ट, एक काळा ड्रेस, एक निळी जीन्स, एक ब्लेझर, एक ट्रेंच कोट. एवढं घ्या आणि आयुष्यभर निवांत राहा. वाचायला एकदम क्लासिक! फक्त ट्रेंच कोट घालून जूनमध्ये लोकलच्या गर्दीत कसं शिरायचं, ते कुठे लिहिलेलं नव्हतं.

गंमत म्हणजे यातली कुठलीच वस्तू कुणी ‘टाइमलेस’ व्हावी म्हणून बनवली नव्हती. जीन्सचंच घ्या. अमेरिकेतल्या रेनो गावात जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता. कष्टकऱ्यांच्या पँटचे खिसे सारखे उसवायचे, म्हणून त्याने खिशांच्या कोपऱ्यांवर तांब्याच्या रिव्हेट ठोकल्या. मग लेवी स्ट्रॉस या कापड व्यापाऱ्याला सोबत घेऊन २० मे १८७३ रोजी त्याचं पेटंट मिळवलं. ट्रेंच कोट पहिल्या महायुद्धात ब्रिटिश अधिकाऱ्यांनी खंदकातल्या पावसाचिखलात वापरला, म्हणून ते नाव. आणि कोको शनेलचा तो साधासुधा काळा ड्रेस अमेरिकन ‘व्होग’ने ऑक्टोबर १९२६च्या अंकात छापला, तेव्हा त्याची तुलना चक्क फोर्डच्या मोटारीशी केली होती. म्हणजे मिरवायची नाही, सगळ्यांना चालेल अशी चीज! थोडक्यात, प्रत्येक टिकाऊ कपडा ही आधी कुणाची तरी रोजची अडचण होती. त्यांच्या अडचणी त्यांनी सोडवल्या. माझी अडचण त्या यादीत नव्हती.

शनिवारी सकाळी मी लोअर परळच्या एका मॉलमध्ये गेले. सोबत एक मोठी कापडी पिशवी. डोंबिवलीला मामीच्या बिल्डिंगमध्ये अजून बोहारीण येते. मामीने तिथेच जेवायला बोलावलं होतं, तर न होणारे कपडेही घेऊन जावेत, चार भांडी तरी पदरात पडतील, असा हिशोब. पिशवी मॉलच्या काउंटरला ठेवली आणि पाच-सहा कपडे घेऊन ट्रायल रूममध्ये शिरले.

ट्रायल रूममधला तो पांढराफटक लाइट कुणी शोधून काढला, देव जाणे. तीन आरसे, तिन्हींत मी. चौथ्या ड्रेसची चेन अर्ध्यावर अडकली. वर जाईना, खाली येईना. बाहेरून सेल्सगर्ल विचारतेय, ‘‘मॅम, साइझ ठीक है?’’ आणि आत मी रडतेय. हो, चक्क रडतेय. ट्रायल रूममध्ये स्टूल कशासाठी असतं, ते मला त्या दिवशी कळलं. चेनसाठी नव्हते रडत मी. नोकरी सोडली, पैसे सरले, तब्येत बिघडली, आणि आता साधा कपडासुद्धा म्हणतोय, तू यात बसत नाहीस!

शेवटी रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून एक ढगळ टॉप घेतला. १,२९९ रुपये. आवडला नव्हता. पण अंगात गेला, एवढीच त्याची लायकी आणि एवढीच माझी अट.

मॉलमधून बाहेर पडून कल्याण लोकल पकडायला चालत करी रोड स्टेशनकडे निघाले. या रस्त्यावर मला नेहमी आजोबा आठवतात. आईचे वडील. इथल्याच एका मिलमध्ये ते साळखात्यात होते. म्हणजे साच्यावर, कापड विणण्याच्या कामाला. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले. तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. आजोबा पुन्हा साच्यावर उभे राहिले नाहीत. त्यांच्या मिलच्या जागी आज काचेचा टॉवर आहे. जिथे कापड विणलं जायचं त्याच भागात आता आपण कापड विकत घ्यायला जातो, आणि ते आलेलं असतं भलतीकडूनच.

आजोबा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. आजी मात्र आहे, ब्याऐंशी वर्षांची, डोंबिवलीला मामाकडे. संपानंतर घर तिने चालवलं, शिलाई मशीनवर. एका दुकानदाराचे परकर डझनाच्या भावाने शिवून द्यायची. आई सांगते, रात्री मशीनच्या आवाजाने झोप यायची आणि आवाज थांबला की जाग यायची.

जेवणं झाली. मामीने बोहारणीची पिशवी दाराशी ठेवली होती. आजी भिंतीला टेकून बसली होती, तिने ती पिशवी पायाने आपल्याकडे ओढली आणि एकेक कपडा बाहेर काढायला लागली. तिचा रिवाज ठरलेला आहे. कपडा हातात आला की पहिल्यांदा तो उलटा करायचा. सुलटी बाजू दुकानदारासाठी, उलटी आपल्यासाठी!

मी माझा नवा टॉपही तिच्यापुढे टाकला. ‘‘बघ आजी, आत्ताच घेतला.’’

तिने तो उलटा केला. शिवणीवरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. मग चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं.

‘‘ह्यात माया कुठाय गं?’’

शहरात वाढलेल्या ज्या मंडळींचा शिंप्याशी संबंध फक्त पँट आखूड करण्यापुरता आलाय, त्यांच्यासाठी सांगते. कपडा शिवताना शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड ठेवतात, त्याला माया म्हणतात. पुढे कपडा घट्ट झाला तर जुनी शिवण उसवायची आणि मायेत नवी टीप मारायची. कपडा सैल! माझ्या टॉपमध्ये शिवणीच्या आत जेमतेम बोटाच्या नखाएवढं कापड होतं, तेही ओव्हरलॉकने कडेपर्यंत कापलेलं. ओव्हरलॉकचं मशीन कड शिवता शिवताच उरलेलं कापड छाटून टाकतं. यात फसवणूक वगैरे काही नाही, हिशोब आहे. एका कपड्यामागे दोन-चार बोटं कापड वाचलं की लाखभर कपड्यांमागे ठाणच्या ठाण वाचतात. आणि घेणारी हा टॉप दोन वर्षांनी उसवून पुन्हा शिवेल, असं बनवणाऱ्याने धरलेलंच नसतं. खरं तर मीसुद्धा कुठे धरलं होतं?

‘‘शिंप्यानं समदी माया खाल्ली,’’ आजी म्हणाली. ‘‘माणूस काय एका मापाचा ऱ्हातो व्हय? कापडानं जरा सरकाया नको आपल्यापायी?’’

मग ती उठली आणि कपाटातून स्वतःचं एक जुनं ब्लाउज घेऊन आली. उलटं करून माझ्या मांडीवर टाकलं. काखेखाली एकाशेजारी एक टिपांच्या रेघा. काही उसवलेल्या, नुसती भोकं राहिलेली. ‘‘ही तुझ्या आईच्या येळची. ही मामाच्या. ही रेघ संपाच्या वर्साची, तवा आत घ्यावं लागलं हुतं.’’ हे ती अगदी सहज, गॅसचं बिल सांगावं तसं सांगत होती. मी मात्र त्या शेवटच्या रेघेकडे बघत राहिले. संपाच्या वर्षी आमच्या घरात काय शिजत होतं आणि काय नाही, ते आजवर मला कुणी सांगितलं नव्हतं. ते ब्लाउजला माहीत होतं.

तोवर आजीने पिशवीच्या तळातून एक निळा कुर्ता बाहेर काढला होता. ‘‘आणि ह्यो कुणी टाकला?’’

तो माझा मास कॉमच्या अ‍ॅडमिशनच्या मुलाखतीचा कुर्ता. हातमागाचं जाडसर सुती कापड आईने घेतलं होतं आणि नाशिकच्या आमच्या नेहमीच्या टेलरकाकांनी तो शिवला होता. कॉलेजची तीन वर्षं, पहिली नोकरी, पहिलं रिपोर्टिंग, सगळीकडे तो होता. शेवटी दंडात आणि छातीवर अडकायला लागला, म्हणून पिशवीत गेला. आजीने तो उलटा केला आणि तिचा चेहरा उजळला. दोन्ही कडांना सव्वा सव्वा इंच माया होती. बाह्यांनाही होती.

आजीला आता सुई ओवता येत नाही. सुईत दोरा मी घातला. उसवायचं कामही मीच केलं, तिच्या देखरेखीखाली, ब्लेडने, एकेक टाका मोजत. मशीनवर मात्र तीच बसली. डोळे साथ देत नसले तरी हातांना रस्ता पाठ होता. तासाभरात कुर्ता घेरात तीन इंचांनी वाढला. मी घातला, हात वर केले, खाली केले, वाकले. कुठेही अडकलं नाही. कडेला फक्त एक गडद निळी पट्टी दिसत होती. आत राहिलेलं ते कापड, त्याने सात वर्षं ऊनच बघितलं नव्हतं.

‘‘दिसेल ना गं ते?’’ मी विचारलं.

‘‘दिसंल की. सारकं व्हईल धुऊन धुऊन.’’

बुधवारच्या मीटिंगला मी तोच कुर्ता घालून गेले. पट्टी कुणाच्या लक्षात आली की नाही, मला ठाऊक नाही. माझ्या एवढंच लक्षात आलं, की तासाभरात मी एकदाही कपडा खाली ओढला नाही, पोट आत घेतलं नाही. सगळा वेळ समोरच्या माणसाशी बोलत होते. काम मिळालं. कुर्त्यामुळे मिळालं नाही, एवढं मलाही कळतं. पण सेफ्टीपिन लावून गेले असते, तर निम्मं लक्ष तिच्याकडे असतं, हेही तितकंच खरं.

घरी येऊन मी एक हिशोब मांडला. कुर्त्याचं कापड आणि शिलाई मिळून १,२५० रुपये. सात वर्षांत कमीत कमी शंभर वेळा घातला. म्हणजे एका वेळेचे साडेबारा रुपये. कटिंग चहाचा भाव! त्या ५७ कपड्यांमध्ये ७९९ रुपयांचा एक सेलमधला टॉप होता. तो मी तीनदा घातला. एका वेळेचे २६६ रुपये. आता सांगा, महाग कुठला?

आणि हा झाला फक्त माझ्या बाजूचा हिशोब. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ साव्हारमध्ये राणा प्लाझा ही इमारत कोसळली. आत तयार कपड्यांचे कारखाने होते. अकराशेहून जास्त माणसं गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी सकाळी कामगारांना आत पाठवण्यात आलं होतं. ही बातमी मला माहीत होती, पण दूरची म्हणून. आजीला मशीनवर वाकलेलं पाहिल्यापासून ती तेवढी दूरची वाटत नाही. डझनाच्या भावाने शिवणारी बाई आमच्याच घरात होती.

तेव्हापासून माझे खरेदीचे फंडे बदललेत. पहिला फंडा आजोबांचा, आजीकडून आलेला : कापड डोळ्यांनी नाही, बोटांनी घ्यायचं. मुठीत चुरगाळून सोडायचं, दोन बोटांत चोळून बघायचं, उजेडासमोर धरायचं. वीण एकसारखी आहे की मध्ये मध्ये विरळ आहे, ते लगेच दिसतं. गडद रंग असेल तर ओला पांढरा रुमाल एका कोपऱ्यावर घासायचा. सुती कापड शिवायला टाकण्याआधी धुऊन घ्यायचं, म्हणजे जे आटायचं ते आधीच आटतं. कपडा तयार असेल तर तो उलटा करायचा आणि आत माया आहे का, टीप बारीक आणि सरळ आहे का ते बघायचं. दुकानदार विचित्र नजरेने बघतात. बघू देत. आणि शेवटी स्वतःला विचारायचं : हा फाटला किंवा घट्ट झाला तर मी दुरुस्त करून घेईन का? उत्तर ‘नाही’ आलं, तर तो मला आवडलेलाच नाही, फक्त समोर दिसलाय.

टिकवायचं म्हटलं की थोडे कष्टही आले. कुर्ता उलटा करून सावलीत वाळवते. पावसाळ्यात कपाट अधूनमधून उघडं ठेवते, नाहीतर मुंबईची बुरशी हातमाग आणि पॉलिस्टर असा भेदभाव करत नाही. आमच्या गल्लीतल्या टेलरला सुरुवातीलाच सांगते, ‘‘भैया, अंदर डेढ इंच छोड देना.’’ पहिल्यांदा त्याने कुरकूर केली. आता तो न सांगता सोडतो.

यादीतला पांढरा शर्ट मीही शिवून घेतला, बरं का. सुती, जरा सैल, कॉलर माझ्या मानेला शोभेल अशी. ट्रेंच कोटाच्या जागी एक मोठी छत्री आहे. काळा ड्रेस नाही. आईची एक काठाची सुती साडी आहे, जिला साइझ हा प्रश्नच पडत नाही. १,२९९ रुपयांचा टॉप रात्री झोपताना घालते. नाइट ड्रेस आता सहा!

मध्यंतरी गोळ्या लागू पडल्या आणि वजन दोन किलोंनी उतरलं. मी काळजीने आजीला फोन केला, की आता तो कुर्ता पुन्हा सैल होईल. ती म्हणाली, ‘‘मग घ्यायचं आत. माया हाय न्हवं? कापायची न्हाई फकस्त.’’

ती गडद पट्टी आता बरीच फिकी झाली आहे. माहीत नसलेल्याला शोधावी लागेल.

आणि हो, कपाटाचा रॉड सुताराने नव्याने बसवून दिला. त्यावर सध्या २९ कपडे आहेत. अजून तरी त्याने राजीनाम्याची भाषा केलेली नाही.